हिरेकरमालक सज्ज्याखाली

दुपारी जेवण झाल्यावर मालिनी बिराजदार वरच्या खोलीत सतरंजीवर जरा लवंडते. भिंतींना नुकताच चुन्याचा हात दिलाय, त्या ओल्या वासानं डोळे जड होतात. खाली गल्लीत मांडववाले बांबू उतरवतायत. सोलापुरातली ही पडायला आलेली जुनी कासार गल्ली मालिनीनं इंजिनिअर म्हणून एकेक घर करत पुन्हा उभी केली. आज संध्याकाळी उद्घाटन आहे, आणि फीत कापणार आहेत गल्ली सुधार समितीचे अध्यक्ष, याच इमारतीचे मालक, रेवणसिद्ध हिरेकर. बांबूंचा खडखडाट लांब लांब जातो.

"झोपलीस होय गं, मालू?"

खिडकीपाशी अण्णा बसलाय. तिचा थोरला भाऊ. खाली त्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. आताही मांडीवर पेटी आहे, पण भाता हलवला तरी सूर निघत नाही. तो गेलाय हे मालिनीला ठाऊक आहे. तरी ती विचारते, "जेवलास का?"

"कसं जेवू? तोंडात सगळी मातीच आहे."

याच इमारतीचा सज्जा त्याच्या अंगावर कोसळला होता. इमारत रिकामी व्हावी म्हणून हिरेकरांनी एकेका भाडेकरूला पिडून घालवलं. अण्णा तेवढा हलला नाही. सज्जा खचायला लागला तेव्हा त्यानं स्वतःच खाली लाकडी टेकू लावले. ढिगाऱ्यात ते टेकू सापडलेच नाहीत. इमारतच जुनी होती, असं सगळे म्हणाले. मयताला हिरेकर सगळ्यांत मोठा हार घेऊन आले होते. तो हार मालिनीनं गटारीत फेकला होता.

"चल," अण्णा उठतो.

दोघं जिना उतरतात. मधेच जिना सिव्हिल हॉस्पिटलचा होतो. त्याच हिरवट भिंती, तोच फिनेलचा वास. एका स्ट्रेचरवर अण्णाच्याच चपला ठेवल्यात. पुढचं दार ढकललं तर त्यांच्या शाळेचं मैदान, आणि मैदानाच्या मधोमध तो सज्जा, जुना, कुजका, वाकलेला. खाली हिरेकर उभे आहेत. फेटा बांधलेला, हातात कात्री. ते हसत कुणाला तरी नमस्कार करतायत. समोर कुणीच नाही.

अण्णा टेकूच्या बुडाशी बोट दाखवतो. तिथं एक पाचर ठोकलीय, लालभडक.

"पोरांनी खेळताना लाथाडू नये म्हणून रंग दिलेला मी," तो म्हणतो. "त्या दिवशी पहाटे खाली हातोडीचा आवाज आला. कोण आहे बघायला बाहेर आलो. तेवढ्यात खोकला ऐकू आला. ओळखीचा."

"मालकांचा?"

अण्णा कात्री धरलेल्या हिरेकरांकडे बोट करतो.

मालिनी खाली बसते. पाचरीला हात घालते. ती पडायला आलेल्या दातासारखी हलते. इतकी वर्षं तिनं भिंती सावरल्या, तुळया बदलल्या, माणसांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं. आणि आता तिला फक्त हे एकच छप्पर पाडायचंय. अंगभर गोड शिरशिरी येते. वर लाकूड करकरतं. हिरेकरांच्या फेट्यावर माती भुरभुरते.

"काढू?"

"काढ. पण पाडू नकोस."

"का? तुला दया येती त्याची?"

"दया?" अण्णा हसतो आणि त्याच्या दातांमधून चुना गळतो. "अगं, मेला की सुटला तो. मी मेलो तेव्हा कळलं मला, एका क्षणाचं काम आहे. त्याला जगू दे. खूप जगू दे. आणि हा सज्जा त्याच्या डोक्यावर रोज पडू दे."

पाचर निघते. मैदान, शाळा, सज्जा सगळं पांढऱ्या धुरळ्यात जातं. धुरळ्यात कुणीतरी खोकतंय.

खोकला खालून येतोय. मालिनी डोळे उघडते. उतरतं ऊन खिडकीत आलंय. "बाई कुठायत? फोटोवाले खोळंबलेत," हिरेकरांचा आवाज.

तिची उजवी मूठ आवळलेली आहे. उघडते. आत लाकडी पाचर, वाळवीनं कडा खाल्लेली, डोक्यावर हातोडीचे घाव, आणि घावांच्या आजूबाजूला उरलेला लाल रंग.

ती हाताला लागलेली माती पुसत नाही. तशीच खाली जाते.

नव्या लोखंडी तुळईवर सज्जा भक्कम उभा आहे. झेंडूच्या माळांखाली नगरसेवक, बायकापोरं, सगळी गल्ली जमलीय. हिरेकर तोंडभरून हसत पुढे येतात आणि हात पसरतात. मालिनी त्या हातावर पाचर ठेवते.

"अण्णानं पाठवलीय, मालक."

हसू तोंडावरच वाळतं. "ही... ही तर मी ओढ्यात..." आणि ते थांबतात.

"ओढ्यात काय, मालक?" शेजारचा नगरसेवक विचारतो. पेटी दुरुस्तीला टाकणारी, अण्णाला ओळखणारी चार म्हातारी माणसं पुढे सरकतात.

हिरेकर वर बघतात. सज्ज्याकडे. पाऊल आपोआप मागे जातं.

"या की," मालिनी फीत धरून सज्ज्याखाली उभी राहते. "अगदी मधोमध या. आता रोज इथूनच जायचंय तुम्हाला."