मुद्दाम ठेवलेल्या गाठी

दादाच्या कापडात गाठी मी ठेवायला लावल्या. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, पवनीत कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, माग चालवणारा. त्याचं कापड मी बाहेर विकतो.

युरोपातलं एक जोडपं माझं गिऱ्हाईक झालं. नोकऱ्या सोडलेले, केस वाढवलेले, कारखाने आणि बाजार दोन्हींवर थुंकणारे. मला ते फार आवडले; तरुणपणी मीही तसंच बोलत असे. पण दादाचं पहिलं कापड त्यांनी परत पाठवलं. फार एकसारखं आहे, मशीनचं वाटतं, हाताची चूक दिसली पाहिजे, म्हणाले.

"जाणूनबुजून खराब करू? कायले बे?" दादाने विचारलं.

"त्यायले मशीन आवडत नाही, दादा."

"मंग मोबाइल का मागावर विनला त्यायनं?"

वहिनी हसली. पण हाताशी दुसरं काम नव्हतं, म्हणून दादा बसला. गाठ आली की माग थांबवून ती सोडवणारा माणूस आता मान वळवून ती तशीच जाऊ देई.

पुढे त्या जोडप्याच्या दुकानाचा फोटो पाहिला. दादाच्या स्टोलवर चिठ्ठी: 'खरेदीला नकार द्या.' खाली किंमत. शेजारच्या मेणबत्त्यांवरही तीच चिठ्ठी. मला शिसारी आली. ज्याचा द्वेष करायचा तेच मांडून बसायचं, आणि घेणाऱ्यानेही आपण काही विकत घेतलंच नाही अशा तोऱ्यात बाहेर पडायचं. स्वतःची किळस त्याहून जास्त आली, कारण फोटो पाहूनही मी पुढचा माल पाठवला.

मग त्यातलाच एक तुकडा गावातल्या विणकरांच्या हाती लागला. कापड हाती आलं की आमच्यात आधी उजेडात धरतात. त्यांनी धरलं आणि ठरवून टाकलं, दादाचा हात गेला. लग्नाचं कोशाचं लुगडं विणून घ्यायला दादाकडेच येणारी माणसं दुसऱ्या मागावर जाऊ लागली. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमी सांगा नं लोकायले. ह्यायचं कोन आयकते?"

लोक हसतील म्हणून मी बरेच दिवस टाळलं. शेवटी पारावर विणकर बसले असताना दादाला घेऊन गेलो आणि सांगितलं, की गाठी माझ्या सांगण्यावरून राहिल्या.

"अन् तू काहून सांगतलं तसं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"खपत होतं म्हनून."

कोणी हसलं नाही. मी दादाकडे वळलो. "दादा, तुह्या हाताले मी बट्टा लावला. मले माफ कर."