गाविलगडच्या जादूगारांचं पारायण

दुर्गाबाईंचं वाचणं बोटावर चालायचं. ओळीवर तर्जनी ठेवायची, अक्षर ओठांनी म्हणायचं, मग बोट पुढे सरकवायचं. चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात शिकलेली ती बाई. तिला पळत वाचणं कुठलं जमायला? नवरा गेल्यावर श्रावणातली घरची पोथी तिच्याकडे आली आणि तिने ती एकही वर्ष चुकवली नाही. बाकी दिवसभर लोकांच्या शेतात निंदण नाहीतर कापूस वेचणी. धामणगाव रेल्वेपासून कोसभरावरच्या त्या गावात सगळे तिला मावशी म्हणत.

कपाशीवर लाल्या रोग आला त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी झाली आणि गावच्या वाचनालयात अमरावतीहून पुस्तकांची पेटी आली. अशी पेटी तीन-चार महिने गावात राहायची आणि मग अमरावतीहून पुढच्या गावी जायची. वाचनालय बघायची प्रियदर्शनी; बारावी झालेली, बोलायला चटचटीत. पेटीत सर्वांत तळाशी एक जाडजूड कादंबरी होती, सातशेच्या वर पानांची. गोष्ट जुन्या काळातली, अचलपूरच्या बादशहाच्या वेळची. गाविलगडावर पाणी आटलेलं, आणि एक म्हातारा जादूगार आपल्या शिष्यिणीला घेऊन आटलेला झरा परत बोलवायला निघालेला. दोघा-तिघांनी ते पुस्तक नेलं आणि चार दिवसांत आणून आदळलं. म्हातारा नुसता दगडाशी बोलत बसतो, म्हणे, काही घडतच नाही.

मावशींनी ते नेलं आणि परत केलंच नाही. पंधरा दिवस झाले की यायच्या, तारीख वाढवून घ्यायच्या, पुस्तक पिशवीत घालून चालू लागायच्या.

संक्रांतीनंतर प्रियदर्शनीला त्यांच्या पुस्तकातली खुणेची दोरी दिसली. दिवाळीनंतर एकदा ती शंभराव्या पानाच्या आसपास होती. आता होती चाळिसाव्या पानात. तिने विचारलं तेव्हा मावशींनी सरळ सांगून टाकलं. आंघोळ करून, दिवा लावून त्या रोज सहा-सात पानं वाचत. पण वेचणीच्या दिवसांत एखाद्या सांजेला अंगात त्राणच राहत नसे आणि वाचायचं राहून जाई. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. पारायणात खंड पडला तर असंच करायचं असतं. या पुस्तकाचं असं चारदा झालं होतं.

प्रियदर्शनीला आधी हसू आलं. मग मावशींचा चेहरा पाहून ते तिने गिळलं. ही पोथी नाही, इथे खंड पडला म्हणून दोष लागत नाही, हे तिने परोपरीने समजावलं. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पेटी जाणार होती. शेवट तोंडी सांगू का, असंही तिने विचारलं.

"नको माय," मावशी म्हणाल्या. "आरतीच्या आंधी परसाद वाटते का कोणी?"

"पण मावशी, एवढं काय आहे त्याच्यात? लोकायले तर झोप येते."

समोर टेबलावर त्या दिवशीचा पेपर पडला होता. तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

"या पेपरात सगळं झटक्यात होऊन राहिलं, पोरी. माणूस राती जेवला आन् सकाळी नाई. त्या पुस्तकात म्हातारा झऱ्याले हाक मारते आन् वाट पायते. वर्ष जाते, दोन वर्षं जातेत, तरी बसून राहते. मले ते वाचून बरं वाटते. मले पायाचं आहे, पाणी येते का नाई."

प्रियदर्शनीने पेपरची घडी करून ठेवली. तिच्या आत्याच्या गावीच त्या महिन्यात दोन शेतकऱ्यांनी जीव दिला होता, दोन घरं उघडी पडली होती.

तोडगा मावशींनीच काढला. दोन दिवसांनी त्या आल्या ते विचार करूनच. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि सात दिवस नामात खंड पडत नाही. तसं पुस्तकाचं केलं तर? त्या थकल्या, नाहीतर कामावर गेल्या, तर दुसरं कोणी वाचेल. मग पहिल्या पानावर जायला नको.

शिंप्याची गुलनार सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिच्या ओट्यावर दुपारी बायका बटणं लावायला बसत. तिथेच वाचन सुरू झालं, पुन्हा एकदा पहिल्या पानापासून. गुलनार वाचायची ती मशीन चालवल्यासारखी, धडधड. प्रियदर्शनी आवाज बदलून वाचायची. बटणं लावणाऱ्या पार्बताबाईंना अक्षर येत नव्हतं, पण काल कुठे थांबलो ते त्यांनाच बरोबर आठवायचं. लाल्यामुळे वेचणी लवकर आटोपली होती, हाताला काम नव्हतं, त्यामुळे दुपारी ओटा भरू लागला. मावशींचा पहारा रोज दोन पानांचा. तेवढ्या वेळात एखादी बाई डुलकी काढून उठायची, आणि म्हातारा तिथल्या तिथेच असायचा. त्यावरून गुलनार चिडवायची, की तुमच्या पहाऱ्यात झराबी सुस्तावते. मावशी बोट न उचलता हसायच्या.

शेवटच्या दिवशी सहा पानं राहिली होती. ती मावशींनी वाचायची हे ठरलेलं, आणि बायका त्या दिवशी सकाळीच ओट्यावर जमल्या होत्या. दुपारी जीप यायची, ती सकाळी अकरालाच आली. पेटी न्यायला आलेले मोतीराम शिपाई घाईत होते. आणखी दोन गावांच्या पेट्या घेऊन अमरावतीत ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. प्रियदर्शनीने त्यांना ओट्यावर आणलं आणि अडचण सांगितली. गुलनार म्हणाली, "आणा इकडे, मी दहा मिंटात संपवते." तेही खोटं नव्हतं.

मावशींनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिनेही हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

"नाई. तुमीच वाचा, मावशी."

मावशींनी तर्जनी ओळीवर ठेवली. मोतीराम उभेच होते. पहिल्या पानाला त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या पानाला म्हणाले, जरा उरका मावशी. बोट होतं त्याच चालीने सरकत राहिलं. तिसऱ्या पानाला ते खांबाला टेकले, चौथ्याला खाली बसले.

शिष्यीण आता स्वतःच म्हातारी झाली होती. गुरू कधीच गेला होता. ती रोजच्यासारखी दगडापाशी बसली आणि दगडाला हात लावला. हाताला ओल लागली. एवढंच. पुस्तक तिथेच संपलं.

मावशींनी पुस्तक कपाळाला लावलं आणि मोतीरामांच्या हातात दिलं. वयाच्या साठीला त्यांचं पोथीशिवायचं पहिलं पुस्तक पुरं झालं होतं. पार्बताबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. पुस्तक हातात घेऊनही मोतीराम उठले नव्हते.

"पण ते बाई कोण होती?" त्यांनी विचारलं. "अन् दगडापाशी काहून बसली होती?"

गुलनार उत्साहाने सांगू लागली, की एक म्हातारा होता, त्याने झऱ्याला बोलावलं, तो मेला, मग ही बसली, मग पाणी आलं.

"असं पळवू नको वं त्याले," मावशी म्हणाल्या. त्यांनी सतरंजीवर सरकून जागा केली. "इकडं या, मोतीरामभाऊ. अचलपुरात एक बादशा होता, तिथून सांगा लागते."

तिकडे जीपचा हॉर्न वाजत होता. मोतीरामांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला हातानेच, थांब जरा, म्हणून सांगितलं.