राघूबाबांची मेढ्याची माणसं

गेल्या शनिवारी मेढ्याला जाऊन आले. तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता झालाय... म्हणून इथे लिहून बघते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐंशी पार केलेले. त्यांचे पणजोबा राघू लोहार. रहिमतपूरहून सांगलीकडे आले, इथे लग्न केलं, भाता मांडला, गावाचे फाळ आणि विळे केले आणि प्लेगच्या साथीत गेले. आमची माहिती जवळजवळ एवढीच. आपलं मूळ कळायला हवं, असं अण्णांनी यंदा मनावर घेतलं आणि शोधायचं काम आलं माझ्याकडे.

रहिमतपूरला दोन खेपा झाल्या. तिथल्या लोहारांना असा कुणी राघू ठाऊकच नव्हता. मग सुगीनंतर गावात हेळवी आले... घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या सांभाळणारी ही माणसं. त्यांनी वही उलटली आणि म्हणाले, "रहिमतपूरला नुसता मुक्काम. मूळचा मेढ्याचा."

मेढ्यात विचारत विचारत एका वेल्डिंगच्या दुकानात पोचले. मालक शंकरबापू, सत्तरी ओलांडलेले, पण स्वतः लोखंडी गेट जोडत बसलेले. मी राघू लोहाराचं नाव काढलं, तशी त्यांनी तोंडापुढची काच बाजूला केली.

"डाव्या हाताला चारच बोटं हुती, त्योच का?"

आमच्याकडेही हेच सांगतात...

"त्यो माझ्या आज्याचा बाप," बापू म्हणाले. "चार म्हैन्यात येतो म्हणून कामाला गेला. घरी बायको, पदरात पोरगं. परत काय आला न्हाई. तुमाला कसा म्हाईत?"

मी सांगितलं, "आमच्या अण्णांचेही ते पणजोबाच."

मला वाटलं, आता हाकलणार. ज्यांना टाकून तो माणूस गेला, त्यांच्याच दारात मी त्याची चौकशी करत उभी होते.

पण बापूंनी एकच विचारलं, "मंग वारला कवा?"

प्लेगचं सांगितलं. ते मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिले. "म्हंजी माझी आजी सून म्हणून यायच्या आदीच की... आजी सांगायची, सासू मरंस्तवर कुंकू लावायची. मेल्याचा सांगावा आला न्हाई, मग पुसू कशाला, म्हनायची. हिरव्या लुगड्यातच गेली ती."

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. राघूबाबांचा राग आला. पण ते मेढ्यातून गेले नसते तर आम्ही नसतोच... मग हा राग मी कोणत्या तोंडाने धरायचा? त्या बाईला खरं कळायला हवं होतं, की न कळलं तेच बरं झालं, तेही उमजेना.

बापूंनी घरी नेलं. दारातूनच बायकोला हाक मारली, "अगं, आपली लेक आलीया सांगलीची!"

त्या माउलीने काही न विचारता चहा टाकला आणि निघताना माझी ओटी भरली. नको म्हणायला गेले, पण पदर पुढे केला.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी वंशावळीचा कागद काढला. मग म्हणाले, "त्या बाईचं नाव काय गं?"

मी विचारलंच नव्हतं! तीन महिने एका माणसाच्या मागावर फिरले आणि तिचं नाव विचारायचं सुचलं नाही... लगेच बापूंना फोन लावला. त्यांनाही ठाऊक नव्हतं, घरात सगळे 'म्हातारी'च म्हणायचे. दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीला विचारून त्यांनीच कळवलं. गोदा.

अण्णांनी त्या कागदावर राघूच्या शेजारी ते नाव घालायला घेतलं. सांगलीच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या खापरपणजीच्या, वर की खाली, यावर पेन जरा थांबलं. मग त्यांनी वर लिहिलं.

राघूबाबांना दोष द्यायचा की त्यांचे आभार मानायचे, मला अजून कळत नाही. पण अण्णांना या वयात एक भाऊ मिळालाय... आणि तो रोज मेढ्याहून फोन करून "जेवलासा का?" विचारतो.