सरजाबाईची जवारी अन् मुंजाजीचे पत्रे

मोठा दुस्काळ सरून दोन वर्सं झाली व्हती, तव्हा सरजाबाई अन् मुंजाजीची काडीमोड झाली. मुंजाजी पूर्णेला रेल्वेत गँगमन. पगार नगद, म्हैन्याच्या म्हैन्याला. सरजाबाई लोकाच्या रानात निंदायला, खुडायला जायची. तिची मजुरी जवारीत. पदरात बांधून आणायची अन् कणगीत वतायची. तिच्या जवारीवर चूल पेटायची, त्याच्या पगारातून घरात चीजवस्तू यायची. लेकरू न्हाई. भांडण बी मोठं न्हाई. पर पटलं न्हाई ते न्हाईच, लेकरा. एकानं बोलावं तर दुसऱ्यानं भिताडाकडं बगावं.

पंच दारातल्या लिंबाखाली बसले. म्होरके आबासाहेब. ते म्हनले, "काडी मोडायच्या आदी वाटणी करू. ज्याच्या कमाईचं, त्यानं बोट ठिवावं."

सरजाला एकच पायजे व्हतं. तिचा भाऊ सिताराम गंगाखेडाकडं राहायचा. तो म्हनला व्हता, "ये बाई, पर घरात जागा न्हाई. दोन पत्रे आण, भिताडाला लावून छपरी काढून देतो." अन् मुंजाजीच्या घरावर तर आठ पत्रे.

"पत्रे कुणी आणले?" आबासाहेबांनी इचारलं.

"मी," मुंजाजी म्हनला. "पगारातून."

"सायकल?"

"मपली."

"हंडा? बाज?"

"ते बी मपलंच."

लबाड बोलत नव्हता तो. सरजाला बी ठावं व्हतं.

"सरजा, आता तू ठिव बोट."

सरजा घरात गेली. हंड्यापाशी थांबली, बाजेपाशी थांबली. बोट वर उचलायची अन् खाली घ्यायची. इतकी वर्सं कंबर मोडस्तवर राबले, अन् घरात आपलं काहीच कसं न्हाई? कुणी चोरलं म्हनावं तर तसं बी न्हाई. ती भाईर आली.

"मी जवारी आणली, आबा."

"बरं. कुठं हाय?"

"खाल्ली."

"कुणी?"

"आमी दोघांनी."

शेजारची म्हातारी बायनाबाई दारात बसून ऐकायली व्हती. ती म्हनली, "मंग ह्या मुंजाजीलाच घिऊन जा की बाई. तुपली सारी जवारी त्याच्याच आंगावर दिसायलीय."

लोक हासले. मुंजाजी पोट आत घिऊन बसला. पर आबासाहेब काही हासले न्हाईत. तंबाखू मळायला घेतली. "पत्रा दिसतो, भाकर दिसत न्हाई," म्हनले. "खाल्लेल्याची वाटणी कशी करावी, हे मला बी येत न्हाई."

शेवटी काडी मोडली. कणगी सरजानंच लिंपलेली, म्हनून तेवढी तिला दिली. रिकामी.

भावाकडं सरजा गोठ्यात निजायची. पावसाळा तोंडावर आला व्हता. तव्हा एक दिवस एसटीच्या टपावरून दोन पत्रे उतरले, अन् पाठीमागून मुंजाजी. डोक्यावर पत्रे घिऊन दारात हुभा ऱ्हायला.

"हे कशाचे?" सरजानं इचारलं.

"मलाच ठावं न्हाई," तो म्हनला. "पगार झाला की दुकानात जवारी घेतो. घरी येऊस्तवर खिसा रिकामा. आदी कसा उरायचा, त्याचाच इचार करायलोय."

"मंग मपलं देणं म्हनून आणले, का कीव आली म्हनून?"

"तेच तर कळंना."

"का मला न्यायला आलाव?"

"न्हाई बा. तसं बी न्हाई."

त्यानं पत्रे भिताडाला टेकवले. मानूस तोंडावरून उपाशी दिसायला व्हता, तर सरजाचा हात सवयीनं पिठात गेला. मुंजाजीनं तीन भाकरी ठेच्यासंगं खाल्ल्या, तांब्याभर पाणी पेला अन् एसटीला गेला.

मंग सरजा पत्र्यांम्होरं बसली. पहिली जवारी फिटली म्हनावं, तर ह्या तीन भाकरी कुठं धरायच्या? त्या पत्र्यात गेल्या, का पुना आपलंच येणं ऱ्हायलं? तिला उमजंना. तिनं सितारामाला इचारलं.

सिताराम छपरी ठोकायला भिताडावर चढला व्हता. तो म्हनला, "बाई, आदी खिळे दे इकडं."