काका, कार्ड द्या

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलच्या दारात ओळखपत्र हातात धरून उभा होतो. कुणी मागितलेलं नव्हतं. दारावरच्या माणसाने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोणाकडे? मी मीनलचं नाव सांगितलं. एका पेशंटला एकच माणूस भेटू शकतो आणि तो वर आहे, असं तो म्हणाला. "तुम्ही कोण त्यांचे?" शेजारी, म्हणालो. मग शक्य नाही, म्हणाला. आयुष्यभर मी आवाज चढवून कुठल्याही दारातून आत गेलेला माणूस. त्या दिवशी गुपचूप बाकावर जाऊन बसलो. तासाभराने तिचा नवरा अमित लिफ्टमधून बाहेर आला. त्याच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत तिचे बूट होते. तो काही बोलायच्या आधीच मला ते दिसले...

मीनल गेली त्याला आता सहा आठवडे झाले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. इथेच हॉलंडमध्ये, फेल्डहोवन गावात असलेली सून हे टाईप करून देणार आहे. तिला सांगून ठेवलंय, माझं वाईट लिहिलेलं गाळू नकोस.

मी मूळचा संगमेश्वरकडचा. जहाजावर भटारखान्यात होतो, रॉटरडॅमला उतरलो तो इथलाच झालो. पुढे तीस वर्षं एका हॉटेलात भांडी, मग भाजी चिरणं, मग सगळं किचन. रायस्वाइकला तिसऱ्या मजल्यावर माझं घर, आणि समोरच्या दारात दहा वर्षांपूर्वी हे जोडपं आलं. अमित कंपनीत इंजिनियर. मीनल साताऱ्याची, बी.कॉम. झालेली, पण इथे त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून घरात. नऊ वर्षं घरात. डच शिकायला क्लासला जायची आणि सरावाला माझ्याकडे यायची. माझी भाषा किचनमधली, निम्मी शिव्यांची. ती हसून लोळायची. "काका, हे मी क्लासमध्ये बोलले तर मला परत साताऱ्याला पाठवतील." माझी बायको होती तोवर दोघी मिळून मला छळायच्या. बायको गेली, मग मीनल एकटीच ते काम करू लागली.

दुसऱ्या लॉकडाऊननंतर सगळं उघडलं तेव्हा ती पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती. तिच्या आयुष्यातली पहिली. कुठे, तर हेगमधल्या जुगाराच्या यंत्रांच्या हॉलमध्ये, दारावर. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. बायको गेल्यापासून मी त्याच हॉलमध्ये जात होतो आणि हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. उलट मीच तिच्यावर ओरडलो. "सभ्य घरातली बाई जुगाराच्या अड्ड्यावर बसणार?"

"अड्डा नाही काका. सरकारी परवान्यावर चालणारा हॉल आहे." मग तिने मला समोर बसवून सगळं समजावलं, जणू मी तिच्या हाताखाली कामाला लागलोय. प्रत्येक यंत्रावर तपासणीची खूण असते. दारावरच्या माणसालासुद्धा व्यसन कसं ओळखायचं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. एखादा माणूस फार वेळा यायला लागला तर त्याच्याशी बोलायचं, आणि बोललो अशी नोंद ठेवायची. सरकारी खात्याची माणसं न सांगता येतात, गिऱ्हाइकासारखी उभी राहतात. "मालकाचा हॉल आहे असं तुम्हाला वाटतं. तो परवान्याचा आहे. परवाना गेला तर मालकही आमच्यासारखाच रस्त्यावर."

तिसऱ्या दिवशी मी त्या हॉलच्या दारात गेलो आणि तिने मला पाहिलं. एक क्षण तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "या." घरी आल्यावर एक शब्द काढला नाही, ना मला, ना अमितला. दोन महिने मी रोज तिच्या समोरून आत जात होतो. एकदा फक्त कॉफीचा कप घेऊन माझ्या यंत्राशेजारी आली. "काका, मला तुमच्याशी बोलायचंय. हे माझं कामही आहे." मी यंत्रावरून नजर हलवली नाही. म्हणालो, तुझं काम दारावर आहे. ती गेली. पण माझे कान लाल झालेले मला समजत होते.

ऑक्टोबरात नवा नियम आला. सरकारने एक यादी केली. ज्याला जुगारापासून स्वतःला लांब ठेवायचंय त्याने तिच्यात नाव घालायचं, मग देशातला कुठलाच हॉल त्याला आत घेऊ शकत नाही. आणि ते तपासायला दारावर प्रत्येकाचं ओळखपत्र यंत्राखाली धरायचं. प्रत्येकाचं. रोज येणाऱ्याचं, पांढऱ्या केसांच्या माणसाचंसुद्धा. हिरवं आलं तर आत, लाल आलं तर परत.

लाल आलेल्याला म्हणायचं वाक्य तिने माझ्या किचनच्या टेबलावर पाठ केलं होतं. मी गिऱ्हाईक व्हायचो, ती दारावरची बाई. "आज आपल्याला आत घेता येणार नाही. आपल्याला कोणाशी बोलायचं आहे का?" डचमध्ये, आदराने, मान किंचित झुकवून. मी मुद्दाम भांडायचो. ती परत म्हणायची. दहा वेळा म्हटलं तरी सूर तोच.

पण पहिल्याच आठवड्यात मी तिच्यासमोर उभा राहिलो, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "काका, कार्ड द्या." माझ्या मागे रांग होती. काय झालं मला कुणास ठाऊक. त्या दिवसांत कॅफेत नुसती कॉफी प्यायची तरी लसीचा कोड दाखवावा लागायचा, आणि मी तो विशीतल्या डच पोराला मुकाट दाखवायचो. परक्याला दाखवलं. आपल्या माणसाने मागितलं तर अपमान वाटला. "माझ्या हातचं खाऊन मोठी झालीस या देशात, आणि माझं कार्ड मागतेस? मला ओळखत नाहीस?" मराठीत बोललो, पण आवाज कुठल्याही भाषेत समजेल असा होता. तिची मान खाली गेली. घरातल्या मोठ्या माणसाला चार लोकांत कागद मागायचे, हे तिच्या हातून होईना. तिने स्वतःचं कर्मचाऱ्याचं कार्ड लावलं आणि फाटक उघडलं. मी आत गेलो. जिंकल्यासारखा गेलो, हे लिहायची लाज वाटते. माझ्या मागे करड्या जाकिटातला एक माणूस होता. त्याने आपलं कार्ड तपासून घेतलं, एक फेरी मारली, कुठल्याच यंत्राला हात न लावता निघून गेला.

आठवड्याने कळलं की तो सरकारी खात्याचा होता. हॉलला पत्र आलं. एक इसम न तपासता आत सोडला, खुलासा द्या. मीनलचा करार वर्षाअखेरपर्यंतचा होता आणि मॅनेजरबाई म्हणाली, आता नूतनीकरणाचं सांगता येत नाही, परवान्याचा प्रश्न आहे. हे मला मीनलने सांगितलं नाही, अमितने जिन्यात सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. "तिने लिहून दिलंय की चूक तिची. मोठ्यांना विचारायचा संकोच वाटला, असं लिहिलंय. तुमचं नावसुद्धा घातलं नाही काका."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पोस्टमन आला की मी दाराच्या भोकातून समोरच्या पेटीकडे बघायचो. समोरचं दार उघडलं की तिची चाल ऐकायचो, जड आहे की हलकी. खेमेन्तेचं, म्हणजे नगरपालिकेचं, साधं कचऱ्याचं पत्र आलं तरी वाटायचं, माझंच बोलावणं. पेन्शन काढून घेतील का, या वयात परत जा म्हणतील का... चौथी पास माणसाच्या डोक्यात काय काय येतं. आणि हॉलमध्ये जाणं मात्र थांबलं नाही. आता कार्ड मुकाट दाखवत होतो. ती हिरवं आलेलं बघायची, "या" म्हणायची, आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. तरी जात होतो.

शेवटी एका सकाळी मीच तिचं दार वाजवलं. "तुझ्या मॅनेजरबाईला सांग, तो इसम आलाय." ती घाबरली. "काका, नको. तुम्हाला प्रश्न विचारतील." विचारू देत, म्हणालो. आयुष्यात मी चुकलो असं कुणाला लिहून दिलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

मॅनेजरबाई उंच, सभ्य. कार्यालयातली डच मला झेपत नाही म्हणून मीनल मध्ये बसली. कार्ड मागितलं होतं, मी दिलं नाही, आवाज चढवला, हे सगळं मी सांगितलं, मीनलने डचमध्ये सांगितलं, बाईने लिहिलं. मग बाईने विचारलं, तुम्ही इथे किती वेळा येता? मला प्रश्न समजला होता. तरी न समजल्यासारखं केलं आणि मीनलने मराठीत विचारल्यावर म्हणालो, "कधीतरी. आठवड्यातून एखादवेळ."

बाई वाट बघत होती. मीनलने माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "काका, हे मी सांगू?"

"सांग की."

"मी एक खोटं तुमच्यासाठी दारावर केलं. दुसरं केलं तर माझ्याकडे काही उरत नाही हो."

रागावली नव्हती. विनवत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. माझं तोंड उघडलं आणि माझ्याच मोडक्या भाषेत, तिची मदत न घेता, मी म्हणालो, "एल्के दाख." रोज. बाईने पेन खाली ठेवलं. बायको गेल्यापासून ते मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो होतो. मीनल टेबलाकडे बघत होती, आणि तिचे खांदे, इतके दिवस वर चढलेले, खाली आले.

त्याच संध्याकाळी तिने माझ्या टेबलावर फॉर्म भरला. यादीत नाव घालायचा. "निदान सहा महिने घालावे लागतात. किती घालू?" जास्तीत जास्त किती घालता येतं ते घाल, म्हणालो. तिने स्क्रीन बघितली आणि खूप दिवसांनी खळखळून हसली. "एवढं घातलं तर तुमच्या नातवाचं म्हातारपण निघून जाईल." घाल. घातलं. माझं ओळखपत्र पाकिटात अडकून बसायचं, काढताना मी शिव्या द्यायचो, म्हणून तिने आपल्या बॅजची जुनी प्लास्टिकची पिशवी दिली, गळ्यात अडकवायची दोरी असलेली. "आता कुणाच्या दारात भांडायचं नाही."

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. हॉलला ताकीद, मीनलला पुन्हा प्रशिक्षण, परवाना कायम. तिचा करार पुढे चालू. मी त्या रात्री प्रथमच नीट झोपलो. दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या, डबा घेतला आणि सरळ हॉलवर गेलो. डिसेंबर होता, दुपार होती, दारात पाच-सहा माणसं. माझा नंबर आला. तिचे डोळे मोठे झाले. मी दोरीसकट कार्ड पुढे केलं. तिने यंत्राखाली धरलं. लाल. मागचे सगळे बघत होते. तिने मान किंचित झुकवली. "आज आपल्याला आत घेता येणार नाही. आपल्याला कोणाशी बोलायचं आहे का?" सूर तोच. मग मराठीत, ओठ न हलवता, "मुद्दाम आलात ना?"

"परीक्षा घ्यायला आलो."

"कुणाची?"

मी डबा काउंटरवर ठेवला आणि निघालो. ती माझी तिची कामावरची शेवटची भेट. पुढच्या आठवड्यात हॉल बंद झाले, पुन्हा लॉकडाऊन. जानेवारीत तिला ताप आला. डबा धुऊन, त्यात तिळगूळ घालून तिने अमितच्या हाती परत पाठवला होता. दारातून खोकला ऐकू यायचा आणि मी परत त्या भोकाला डोळा लावून... डॉक्टर म्हणत होते घरीच राहा, घरीच राहा. मग एका पहाटे अँब्युलन्स.

हॉल आता पुन्हा उघडलेत. मागच्या आठवड्यात मी गेलो. कशाला गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. रस्ताभर एकच धास्ती होती, फॉर्ममध्ये काही राहिलं असेल आणि हिरवं आलं तर? तर मी आत गेलो असतो. हे मी लपवत नाही. दारावर नवी मुलगी, डच, विशीतली. तिने मागायच्या आधी मी गळ्यातली पिशवी पुढे केली. पिशवीच्या आतल्या बाजूला मीनलच्या बॅजचा रंग अजून थोडा लागलेला आहे. मुलीने कार्ड यंत्राखाली धरलं आणि पडद्याकडे पाहत राहिली. फार वेळ पाहत राहिली.

लाल. माझा जीव भांड्यात पडला.

मुलीने मान किंचित झुकवली. "आज आपल्याला आत घेता येणार नाही. आपल्याला कोणाशी बोलायचं आहे का?"

मीनलबरोबर काम केलेल्या कुणाकडून शिकली असावी, किंवा सगळ्यांना तसंच शिकवत असतील. मी लगेच 'नाही' असं उत्तर दिलं नाही. रांग थांबली होती. मुलगीही थांबली, घाई केली नाही. मग मी पिशवी गळ्यात घातली, शर्टाच्या आत सरकवली, आणि तिला म्हणालो, "बरोबर केलंस पोरी." मराठीतच म्हणालो.