अडीचशे ग्रॅमच्या आत

लवूकाका सावंत तीस वर्षं हिंदमाताला साडीच्या दुकानात आहेत. गिऱ्हाईक चाळीस साड्या उलगडायला लावतं आणि ‘येतो परत’ म्हणून निघून जातं. लवूकाका घड्या घालतात. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबणारा लालबागमधला मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे. कुणाला कितवा मजला हवा ते रविवारच्या सभेत सांगायचं होतं. मग बदल नाही. त्यांच्या बायकोचं, कमलकाकूंचं, आयुष्य तळमजल्यावर गेलं. त्यांची एकच अट होती. “दर्या दिसात तर वर जाऊया. नायतर खालीच बरा.”

बाविसाव्यावरून दिसतो, असं बिल्डरचा माणूस म्हणाला. रंग जाणार नाही, असं लवूकाका स्वतः रोज शंभरदा सांगत असल्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी ड्रोन घ्यायचं ठरवलं.

“तू शिकलेला. नियम तू वाच,” ते मला म्हणाले. मी मराठी साहित्यात एम. ए. आहे.

दादरच्या दुकानात त्यांनी सगळे ड्रोन काढायला लावले. “ह्याच्यात हलका दाखवा. अजून एक.” विकणारा घामाघूम झाला. लवूकाकांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

“हा घ्या काका. अडीचशे ग्रॅमच्या आत आहे. उडवायला लायसन नको.”

घेतला. येताना मसाल्याच्या दुकानात काट्यावर ठेवला. दोनशे एकोणपन्नास.

घरी काकूंनी त्याला कुंकू लावलं आणि लिंबू-मिरची बांधली. “नवी वस्तू. नजर लागात.”

लवूकाका तसेच परत काट्यावर. दोनशे एक्क्याऐंशी.

“वजन सामानासकट धरतात,” मी नियम वाचून सांगितलं.

“लिंबू सामान?”

“सोबत उडणार असेल तर सामानच. वर्ग बदलतो, नियम वाढतात.”

“मग काढा ता,” काकू फणकारल्या. “उद्या सरकारचीच नजर लागली तर माका सांगू नका.”

शेवटी काळ्या दोऱ्यावर तडजोड झाली. काटा बरोबर अडीचशेवर आला.

शनिवारी आम्ही गच्चीवर गेलो. मी मोबाइलवर सरकारी नकाशा उघडला. हिरव्या भागात उडवा, पिवळ्यात परवानगी घ्या, लाल विसरा. आमची चाळ हिरव्यात नव्हती. शिवाय शहरात ड्रोनवर पोलिसांची बंदी चालू होती.

“हे आधी का नाही वाचलंस?”

“तुम्ही वजनाचं विचारलं होतंत.”

त्यांनी ड्रोन हातात फिरवून पाहिला. मी म्हटलं, “उडवा काका. दोन मिनिटांचं काम. कोण बघतंय?”

“नियम आहे ना रे?”

ड्रोन कठड्यावर ठेवून ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सभा. त्याच संध्याकाळी काकू धापा टाकत वर आल्या.

“दिसलो.”

“काय?”

“दर्या. समोरच्या टॉवरात राधा चोविसाव्यावर जेवण करता ना, तिच्या किचनमधून बघून इलंय.”

राधाबाई आमच्याच मजल्यावर राहतात. मला सुचलं नव्हतं.

लवूकाकांनी विचारलं, “केवढा दिसतो?”

“साडीच्या काठाएवढो. दोन टॉवरांच्या मधी.”

“काठ रुंद की बारीक?”

“बारीक.”

“मग बाविसावा सांगू?”

काकू कठड्याला टेकल्या. “खाली पण बघितलंय. आपल्या गच्चीवर मुंगीएवढा कोणतरी बसलेला. तुम्ही की दुसरा कोण, वळखाक येईना. हाक मारली, तर तुम्ही मान पण वर केली नाय.”

लवूकाका हाक कुठवर पोचेल ते बघत समोरच्या टॉवरचे मजले खालून मोजू लागले.

रविवारी सेक्रेटरी अभयने नाव पुकारलं. लवूकाका उभे राहिले. “चौथा.”

“चौथा? अहो सावंत, वर समुद्र दिसतो!”

“दिसतो. आम्ही तपासलं.”

सगळ्यांना ड्रोनची खबर होती. “कसं तपासलंत?” अभयने हळूच विचारलं.

“नियमात राहून,” लवूकाका म्हणाले आणि बसले.

ड्रोन आता शोकेसमध्ये आहे. तिथे वजनाची मर्यादा नाही. काकूंनी लिंबू परत बांधलंय.