कोरियाचं जेवण

केजच्या स्टँडसमोर शिलाई मशीन चालवणारे आमचे काका अधूनमधून पुण्याला मुलाकडे जातात. तो त्यांना दर खेपेला नव्या हॉटेलात नेतो. परत आले, की काका मशीन थांबवून एकेका देशाचा निकाल लावतात. "जपानचं काय खरं न्हाई, मासा कच्चाच देतेत. थायलंड बरा हाय, पर कालवणात नारळ लई."

गेल्या खेपेला मीही पुण्यात होतो, म्हणून कोरियाला सोबत गेलो. उकळत्या रश्शाची वाडगी आली. काका हात बांधून बसले.

"अण्णा, खा की," मुलगा म्हणाला.

"थांब रं. त्या कोपऱ्यातल्यांना आजून वाढलं न्हाई."

आमच्याकडे पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. काकांनी तोच नियम अख्ख्या हॉटेलाला लावला होता. कोपऱ्यात वाढून झालं, तोवर दारातून नवी मंडळी येऊन बसली. मुलगा खाली मान घालून एकटाच जेवला.

केजला आल्यावर कुणीतरी विचारलंच. "कोरियाचं समदं गार," काका म्हणाले. "गरम वाढायची पद्धतच न्हाई त्यांच्यात. व्हय का न्हाई?"

मी "व्हय" म्हणालो. माझंही वाडगं गारच झालं होतं.